हरकत नाही

"मशीनरी रिपेअरिंग," दशरथ म्हणाला.

"कसली मशीनरी?" गाळ्याच्या मालकाने विचारलं.

"लोखंडी."

"मोठी का छोटी?"

"हातात मावते."

मालकाचं समाधान होत आलं होतं. मीरा रोडच्या त्या गल्लीत एक मिक्सर दुरुस्तीवाला आधीच होता, आणखी एक आला तर त्याची काही तक्रार नव्हती. पण दशरथला गाळे दाखवत हिंडणारा यतीन हा इस्टेट एजंट स्वभावाने सरळ होता, आणि त्या धंद्यात हे व्यंग समजलं जातं.

"शेठ, मी बोलून टाकतो," यतीन म्हणाला. "नंतर पोलीस चौकशीला येतील तेव्हा कळणारच ना. दशरथभाई बंदुका रिपेअर करतात. लायसनवाल्या. एकदम लीगल."

मालक दशरथकडे पाहत राहिला. वय त्रेसष्ट, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि टेस्टर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"वाटत नाहीत," मालक म्हणाला. मग त्याने वर बोट दाखवलं. "वर डेंटिस्ट आहे."

"त्याचं काय?"

"पेशंट आधीच घाबरलेले असतात."

हा अकरावा गाळा होता. पहिल्याच्या मालकाने शेजारी मंदिर आहे म्हणून नकार दिला होता आणि दुसऱ्याच्याने शेजारी बार आहे म्हणून. तिसऱ्याने भाडं तिप्पट सांगितलं, आणि ते मिळालं तर आपली भीती जाईल असं वचनही दिलं. उत्तनकडचा एक परवडत होता, पण समोर समुद्र. खारी हवा एका पावसाळ्यात नळीच्या आत काय करून ठेवते हे दशरथला माहीत होतं. एक मालक मात्र धंदा कळताच उठला, दार लोटून घेतलं आणि एखादा पीस बिनकागदाचा मिळेल का म्हणून कुजबुजला. त्या गाळ्याला नाही म्हणणारा दशरथ होता.

दशरथ पांचाळचं दुकान भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका तीन मजली इमारतीच्या तळाशी होतं. पाटीवर 'पांचाळ आर्म्स' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे वर्षाकाठी दोन-तीन पोरं दंड फुगवून जिमची फी विचारायला येत. त्याआधी वीस वर्षं तो फोर्टातल्या एका जुन्या दुकानात बंदुकांचा मिस्त्री होता आणि नंतरची सव्वीस वर्षं स्वतःच्या परवान्याचा मालक. बँकांच्या, सराफांच्या वॉचमनच्या बंदुका त्याच्याकडे यायच्या. घोडा अडकलाय, दस्ता हललाय, नळीत कोळ्याने घर केलंय. कोणी गावी जाताना हत्यार त्याच्या तिजोरीत ठेवून जाई. निवडणूक लागली की हत्यारं जमा करायला गर्दी होई. एवढ्या बंदुकांमध्ये उभं आयुष्य काढून दशरथने आजवर डास सोडून काही मारलं नव्हतं.

उन्हाळ्यात पालिकेचा इंजिनियर आला. त्याने इमारतीच्या खांबाला बोट लावलं आणि बोट आत गेलं. इमारत धोकादायक ठरली. एकतीस डिसेंबरपर्यंत खाली करा, अशी नोटीस लागली.

परवाना माणसाच्या नावावर असला तरी तो राहतो पत्त्यावर. पत्ता बदलायचा तर नव्या गाळ्याच्या मालकाचं संमतीपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला, मग पोलिसांची चौकशी. एकतीसच्या आत हे जमलं नाही तर हत्यारं ज्याची त्याला द्यायची आणि परवाना जमा करायचा. मग सेहेचाळीस वर्षांचा मिस्त्री उरत नाही, नुसता त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा उरतो.

बारावा गाळा यतीनने नवरात्रात शोधला. भाईंदरचाच, गिरणीवाल्या परशुरामचा. गिरणीला लागून अर्धी जागा रिकामी होती, भाडं झेपणारं होतं, आणि नावच परशुराम असल्यामुळे हत्यारांना त्याची ना नव्हती. "माझ्या पट्ट्याचा आवाज ऐकलात का?" तो म्हणाला. "तुमची एखादी उडली तरी कोणाला कळणार नाय."

दोन दिवसांवर खंडेनवमी होती.

खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो. दशरथ पाटावर लाल कापड घालून सगळी हत्यारं ओळीने मांडी. वॉचमनच्या बंदुका, दस्ते हातांच्या घामाने काळे पडलेल्या. चेणे गावच्या हौसाबाईची ठासणीची बंदूक, खुद्द हौसाबाईपेक्षा वीतभर उंच. आणि शेवटी उत्तम वाघधरेचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर.

उत्तम हा दशरथचा पस्तीस वर्षांचा मित्र. गिरगावातून भाईंदरला दोघांचं सामान एकाच टेम्पोतून आलं. उतरवताना उत्तमचा पाळणा चुकून दशरथच्या घरी गेला, आणि परत करायच्या आत दशरथची बायको हंसा हिलाच तो लागला. पुढे उत्तमने वॉटरप्रूफिंगची कंत्राटं घेतली, आणि गळणाऱ्या गावात तो कोरडा वर आला. मजुरांचा पगार रोख न्यायचा म्हणून त्याने रिव्हॉल्वरचा परवाना काढला. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, हे घरात राहील किंवा मी. तेव्हापासून वीस वर्षं रिव्हॉल्वर दशरथच्या तिजोरीत होतं आणि उत्तम कमरेला नुसतं चामड्याचं कव्हर लावून फिरत होता. शर्ट बाहेर, खाली फुगवटा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलताना तो उजवा हात सहज कमरेवर ठेवी आणि ठराव एकमताने पास होत. कव्हर रिकामं आहे हे तिघांनाच ठाऊक होतं: उत्तम, त्याची बायको आणि दशरथ. दशरथने ते हंसालाही सांगितलं नव्हतं.

उत्तमला जगात कशाचीच हरकत नसे. टेरेस पुन्हा गळतंय, हरकत नाही. चहात साखर नाही, हरकत नाही. असा माणूस लोकांना आवडतो.

त्या खंडेनवमीला त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बोट नाचवत ओळ मोजत गेला.

"किती झाली रे दश्या यंदा?"

"एकोणीस बंदुका. आणि तुझं खेळणं."

"खेळणं काय म्हणतोस. दोन फुलं जास्त वाहा त्याला." मग खोबरं चावत, "गाळ्याचं कुठवर आलं?"

"परशुरामचा जमतोय. गिरणीवाल्या."

"पिठात बंदुका ठेवणार?"

"मधे पार्टिशन घालतो म्हणाला."

"आणि मी काय मेलोय? हरिदर्शनमधला माझा गाळा पडलाय ना. चेअरमन मी तिथला. कोण नाही बोलतोय बघू."

दशरथच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. "भाडं?"

"गिरणीवाला घेतो तेवढं दे."

"अरे पण बंदुका आहेत, उत्तम. लोक काय म्हणतील..."

"हरकत नाही."

हंसा प्रसादाची वाटी घेऊन उभी होती. "भावजी, लिहून द्याल ना तसं?"

"काय वहिनी. पस्तीस वर्षांत आपल्यात कागद झालाय का कधी?"

"पस्तीस वर्षांत काम कुठे पडलं?" हंसा म्हणाली आणि वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. दशरथने यतीनला सोनं दिलं आणि परशुरामचा गाळा नको म्हणून सांगितलं.

यतीनने आपट्याची पानं खिशात ठेवली. "आठ-नऊ जणांनी तुम्हाला ना पाडली दशरथभाई. एक हो बोलला, तर तुम्ही त्याला ना पाडता?"

"मित्राचा गाळा मिळतोय."

"अॅग्रीमेंट?"

"मैत्री आहे, यतीन."

"हां," यतीन म्हणाला. "तिचं रजिस्ट्रेशन नाय होत."

आठवड्याने गिरणीशेजारी मोबाईल कव्हरवाला बसला.

दशरथने सोसायटीकडे ना हरकत दाखल्यासाठी अर्ज दिला. मालकाच्या संमतीपत्रासाठी तो उत्तमला तीनदा भेटला. पहिल्यांदा प्रिंटरची शाई संपली होती. दुसऱ्यांदा दिवाळी होती. तिसऱ्यांदा उत्तमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी सोसायटीचं तर येऊ दे. माझं काय, घरचंच आहे."

सोसायटीचं आलं. हरिदर्शन दुकानापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, पण पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आलं. दशरथने पोस्टमनला सही दिली, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचलं.

'...सदर व्यवसायात एकोणीस बंदुका व एक बत्तीस बोर रिव्हॉल्वर ठेवण्यात येते, असे विश्वसनीयरीत्या समजते. इमारतीत लहान मुले व ज्येष्ठ नागरिक राहत असून त्यांच्या मनावर विपरीत परिणाम होण्याचा संभव आहे. सबब सोसायटीची तीव्र हरकत आहे.' खाली सेक्रेटरी हेमाली मेहतांची सही.

दशरथ बसला. त्याने पत्र पुन्हा वाचलं. मग तिजोरी उघडून हत्यारं मोजली. एकोणीस बंदुका होत्या, एक रिव्हॉल्वर होतं. बत्तीस बोरचंच होतं. पत्रात एकही चूक नव्हती, आणि तीच त्यातली चूक होती.

अर्जात त्याने आकडा लिहिलाच नव्हता. वॉचमनला आपापल्या बंदुकीपुरतं माहीत. पोलिसांकडे नोंद असते, पण पोलीस सोसायट्यांना पत्रांचे मसुदे पुरवत नाहीत. लाल कापडावर बोट नाचवत ओळ मोजणारा माणूस एकच होता. विश्वसनीयरीत्या समजते, हेही बरोबरच होतं. विश्वास होता, म्हणूनच समजलं होतं.

तरी तो हरिदर्शनला गेला. माणूस डॉक्टरचा रिपोर्ट हातात असताना पुन्हा डॉक्टरला विचारतो, तसा.

गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत दोन पेंटर भिंती काळ्या रंगवत होते. कोपऱ्यात नवी पाटी टेकवून ठेवलेली: 'शूटर्स झोन. वय वर्षे सहा आणि पुढे.' भिंतीच्या हुकांना प्लॅस्टिकच्या रायफली लटकत होत्या, निळ्या दिव्यांच्या. दशरथने सवयीने मोजल्या. चोवीस.

"अंकल, तुम्ही गनवाले ना?" भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे निघालेली एक बाई थांबली. "मी हेमाली. सेक्रेटरी. सॉरी हां."

"मीटिंगमध्ये कोणाची हरकत होती?" दशरथने विचारलं.

"मीटिंग? मीटिंग क्यां थई? झालीच नाय," हेमाली म्हणाली. "चेअरमनसाब लेटर रेडी करून लाये. मला मराठी वाचता येतं, पण एवढं कडक मराठी... ते बोलले साइन करा, मी केली. मला तर काही प्रॉब्लेम नव्हता. माझे पप्पा एनसीसीमध्ये होते."

"मग हे केव्हा ठरलं?" त्याने शटरकडे मान केली.

"गेमवाल्यांचं? ते तर गणपतीतच फायनल झालं. आमच्या आरतीला पेढे पण आणले त्यांनी."

खंडेनवमी गणपतीनंतर येते. एवढं पंचांग दशरथला पाठ होतं.

परत येताना त्याला राग आला नाही. रागाला निदान बसायला जागा लागते. म्हणजे नारळ फोडला, खोबरं खाल्लं, आपल्यात कागद झालाय का कधी असं वहिनीला म्हणाला, तेव्हा गाळा जाऊन महिना झाला होता. नाही म्हणाला असता तर परशुरामचा गाळा होता. नाही हा एवढासा शब्द. आठ-नऊ अनोळखी माणसांनी तो तोंडावर म्हटला होता, आणि आता दशरथला त्या सगळ्यांबद्दल, डेंटिस्टच्या खालच्या मालकासकट, आपुलकी वाटू लागली.

हंसाने पत्र वाचलं. मी सांगत होते, असं ती म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "पाळणा आपण परत दिला होता ना?"

"दिला होता."

"मग झालं."

डिसेंबरभर तो आणि यतीन फिरले. सतराव्या गाळ्यानंतर यतीनने फिरायचे पैसे घेणं बंद केलं. मग हत्यारं परत करायची वेळ आली. एकेक वॉचमन येई, रजिस्टरवर सही करी, आणि आता दुरुस्ती कुठे, असं विचारी. दशरथ दुसऱ्या शहरांतल्या दुकानांचे पत्ते लिहून देई, स्वच्छ अक्षरात.

हौसाबाई चेण्याहून आली ती वालाच्या शेंगा घेऊन. रानडुकरं भाजी ठेवत नाहीत म्हणून तिच्या नवऱ्याने ही बंदूक घेतली होती. नवरा गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला. आवाजानेच डुकरं पळत. नेम तिला ठाऊक नव्हता आणि डुकरांना ते ठाऊक नव्हतं.

"दुकान बंद करतंस?"

"हो, मावशी."

"मंग माजे बंदुकीला कोन बगल?"

"ठाण्याला एकजण आहे. पत्ता देतो."

"मना ठानं काय करायचंय. तूच ये माजे घरा. पडवी रिकामी हाय. कोन काय बोलनार न्हाय."

दशरथने पेन खाली ठेवलं. "घराचे कागद आहेत, मावशी?"

"घर हाय ना. कागूद कशाला?"

"लागतो."

"कागूद न्हाय," हौसाबाई म्हणाली. "जागा हाय."

तिने बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळली, पोरगं घ्यावं तशी खांद्याला लावली आणि गेली. शेंगा टेबलावर राहिल्या.

एकतीस तारखेला दुपारी तिजोरीत एकच हत्यार उरलं होतं. दशरथने फोन केला नव्हता. रीतीप्रमाणे नोटीस पाठवली होती. रजिस्टर्ड पोस्टाने.

उत्तम आला तेव्हा दुकानातली कपाटं टेम्पोत चढली होती. टेबल, रजिस्टर आणि तेलाची बाटली तेवढी बाकी होती. दशरथने सकाळीच रिव्हॉल्वर उघडून साफ केलं होतं, नेहमीसारखं. त्याने चक्र फिरवून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं, काडतुसांची डबी वेगळी ठेवली आणि रजिस्टर वळवलं.

"इथे सही करा."

उत्तम हसला. "करा? मला करा म्हणतोस?"

"आणि इथे."

उत्तमने सही केली. पेन मात्र तो परत देईना. "दश्या, हे परस्पर दुसऱ्या कुठल्या दुकानात ठेव ना. घरी कसं नेऊ? बायको आहे, आता नातवंडं आहेत."

"त्यासाठी त्या दुकानाचं पत्र लागतं."

दशरथने पेन काढून घेतलं आणि रजिस्टर आपल्याकडे वळवलं.

"हे बघ," उत्तम म्हणाला. "त्या दिवशी पूजा होती, वहिनी समोर होत्या. तोंडातून निघून गेलं. मग म्हटलं, मी 'नाही' बोललो तर तुला वाईट वाटेल. सोसायटीच 'नाही' बोलली तर तुला माझ्याकडून वाईट वाटायला नको. तुझाच विचार केला मी. राग धरू नकोस."

दशरथ शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होता. नळी स्वच्छ. घोडा ठीक. कव्हर मालकाकडे. त्याने टीपकागद दाबला.

"हरकत नाही," तो म्हणाला.

उत्तमने शर्ट वर केला आणि रिव्हॉल्वर कव्हरात घालायला गेला. ते आत जाईना. वीस वर्षं काही न ठेवल्याने चामडं वाळून आवळलं होतं. उत्तमने दाबून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, त्याच्या कपाळावर घाम आला. वाईट पद्धतीने हाताळलेलं हत्यार दशरथला बघवत नसे. त्याने ते हातातून काढून घेतलं, उत्तमला पट्टा सोडायला लावला, अंगठ्यावर तेल घेऊन कव्हराचं तोंड आतून मऊ केलं, दोनदा, तीनदा, आणि रिव्हॉल्वर हलकेच आत सरकवलं.

"आता बसेल," तो म्हणाला. "मीटिंगला नेताना जपून."

उत्तम पायऱ्या उतरला. पाऊण किलो लोखंडाने त्याची पँट उजवीकडून खाली ओढली जात होती. दहा पावलांवर त्याने ती वर केली, पुढच्या दहावर पुन्हा. मग उजवा हात कमरेवरच धरून, एका अंगाला कलत, तो रिक्षा स्टँडकडे गेला.

हंसा हार-नारळ घेऊन आली होती. शटर ओढण्याआधी उंबऱ्याला वाहायला. तिने वळून पाहिलं.

"भावजीच ना ते? असे काय चालतायत?"

दशरथने रजिस्टर मिटलं.

"गुडघा दुखत असेल," तो म्हणाला, आणि अंगठ्याचं तेल फडक्याला पुसत राहिला.